रानपिंगळा जरूर पाहा, पण त्याचा पत्ता छापू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बदल्यांच्या याद्या लागल्या की नंदुरबारच्या सातपुड्यातली धडगाव, मोलगी, तोरणमाळ ही नावे शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक आणि बँक कर्मचाऱ्यांच्या घरांत दबक्या आवाजात घेतली जातात. ‘तठे काय शे?’ (तिथे काय आहे?) हा प्रश्न धुळ्या-जळगावच्या माणसालाही पडतो, मग पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्याचे विचारायलाच नको. त्याचे एक उत्तर सव्वाशे वर्षांहून जुने आहे. जेम्स डेव्हिडसन हा ब्रिटिश सनदी अधिकारीसुद्धा पश्चिम खानदेशात नोकरीनिमित्तच आला होता. १८८०च्या दशकात त्याने शहादा-तळोद्याकडच्या जंगलातून रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर हे छोटे घुबड असे दिसेनासे झाले की जगाने ते संपल्यात जमा धरले. १८८४ नंतर थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना ते पुन्हा दिसले, आणि तेही शहाद्याजवळच.

मधल्या काळात ते का सापडले नाही, याची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच होता. चिठ्ठी तेवढी बदललेली. त्या खोट्या पत्त्यावर विसंबून पुढच्यांनी भलत्याच ठिकाणी शोध घेतला. आज अडचण उलटी आहे. आता पत्ता खरा असतो आणि दुपारपर्यंत शंभर मोबाइलांवर पोहोचतो.

डोंगरात नव्याने राहायला आलेल्यांनी निसर्ग कसा पाहावा आणि या खऱ्या पत्त्याचे काय करावे, या दोन गोष्टींसाठी हे पत्र.

पहिली चूक वाहनाची. सुटीच्या दिवशी नऊ वाजता मोटारसायकल काढायची, शहाद्याहून घाट चढून तोरणमाळचा यशवंत तलाव, सीताखाई उरकायची आणि ‘जंगलात काही उरलं नाही’ म्हणत परतायचे. नऊला बहुतेक पक्ष्यांची न्याहारी आटोपलेली असते, आणि सस्तन प्राणी त्याच्याही आधी आडोशाला गेलेले असतात. सातपुडा फिरून दिसत नाही, बसून दिसतो. नेमणुकीच्या गावाजवळचा, पायी वीस-पंचवीस मिनिटांवरचा एकच नाला निवडा आणि वर्षभर तिथेच जा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर टेका. झाडाच्या बुंध्याला पाठ लावा, म्हणजे तुमची आकृती आभाळावर उठून दिसत नाही. पांढरा शर्ट नको, सळसळणारे नायलॉनचे जाकीट नको, अत्तर तर नकोच. पहिली पंधरा मिनिटे काहीच घडत नाही, कारण तुमच्या येण्यानेच सगळे गप्प झालेले असते. नवखा माणूस नेमका तेव्हाच कंटाळून उठतो. विसाव्या मिनिटाला सातभाईंचा थवा पाला उलटत येतो आणि तिथून जंगल पुन्हा सुरू होते.

बसायची जागा वाऱ्यावर ठरते आणि डोंगरातल्या वाऱ्याला वेळापत्रक असते. रात्री थंड झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली वाहते. तुम्ही पाणवठ्याच्या वर बसलात तर तुमचा वास थेट पाण्यावर उतरतो आणि भेकर झुडपातूनच मागे फिरते. म्हणून पहाटे पाण्याच्या खालच्या अंगाला बसावे. ऊन तापले की हवा उतारावरून वर चढू लागते. मग वरच्या अंगाला. सूर्य कलल्यावर पुन्हा खाली. शंका आली तर चिमूटभर माती सोडून पाहावी. डोहाच्या दगडांमुळे वारा कधी कधी गोल फिरतो, त्या दिवशी पक्ष्यांवर समाधान मानावे.

बसल्यावर गप्प राहायचे, पण चालताना मात्र बोलायचे, हे अनेकांना उलटे वाटते. कारण अस्वल. त्याची नजर मंद असते, आणि वारूळ उकरताना किंवा मोहाची फुले टिपताना त्याला आजूबाजूचे भान नसते. घाणेरीच्या दाट झुडपातून आवाज न करता गेलात आणि चार हातांवर समोरासमोर आलात, तर ते घाबरून अंगावर येते. होळीच्या आगेमागे मोहाची फुले पहाटे गळतात. माणसे टोपली घेऊन आणि अस्वल पोट घेऊन, दोघेही त्याच झाडाखाली त्याच वेळी जातात. त्या दिवसांत उजाडण्याआधी मोहाखाली एकट्याने जाऊ नये. पाड्यावरचे लोक कसे हाका देत, काठी आपटत जातात ते पाहा आणि तसेच जा.

दुर्बीण घ्यायची असेल तर आकड्यांना भुलू नका. २०×५० किंवा ‘झूम’ लिहिलेली दुर्बीण दुकानात भारी वाटते. जंगलात तिच्यातून थरथरणारी फांदी दिसते. आठपटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची, म्हणजे ८×४२ पुरे. ४२ला आठने भागले की सव्वापाच येतात. इतक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात पोहोचतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसते. बहुतेकांची दुर्बीण ‘खराब’ नसते, लावलेली नसते. उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावे झाकून, मधले चाक न हलवता, उजव्या नेत्रिकेची कडी फिरवून उजव्या डोळ्याला जुळवा. कडीवरचा आकडा लक्षात ठेवला की पुढे फक्त मधले चाक फिरवायचे. भिंगावरची धूळ आधी फुंकून उडवावी. थेट रुमालाने पुसली तर तीच वाळू काचेवर ओरखडे पाडते. आणि श्रावणात दुर्बीण कातडी पिशवीत बंद ठेवली की दिवाळीत भिंगावर बुरशीची जाळी सापडते. स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी.

दुर्बीण नसली तरी चालते, मात्र जमीन वाचता यायला हवी. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात नखे उमटत नाहीत आणि गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखे उमटतात. बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो, त्यामुळे एकाच वाटेवर दोन वेगळे प्राणी गेल्याचा भास होतो आणि गावात ‘वाघ अन् बिबट्या’ची वार्ता पसरते. तरसाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते, कारण पोटात हाडे गेलेली असतात. अस्वलाची पाच बोटे आणि लांब नखे उमटतात. मागचा पाय तर अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो. ठशाच्या कडा धारदार आहेत का, त्यावरून मुंगी-किड्याची नक्षी गेली आहे का, दव पडून माती बसली आहे का, यावरून तो रात्रीचा की परवाचा ते कळते. फोटो बरोबर वरून काढावा आणि शेजारी काडेपेटी ठेवावी. तिरप्या फोटोत कुत्र्याचाही वाघ होतो.

घर शेताजवळ असेल तर बांधावर मीटरभर चौकोन साफ करून त्यावर बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा चाळलेल्या मातीचा थर द्या. संध्याकाळी हलक्या हाताने सपाट करा, सकाळी वाचा. थर जाड झाला तर ठसा ढासळतो आणि राखेत वाऱ्याने कडा उडतात. उदमांजर, मुंगूस, साळिंदर कोण कधी जाते ते महिनाभरात समजते. हे आपल्या किंवा मालकाला विचारून त्याच्या शेतात करायचे. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्ये आहेत. तिथे प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि जमीन उकरण्याचा प्रश्नच येत नाही.

केळीच्या बागेत किंवा उसात बिबट्याची पिल्ले सापडली, तर उचलू नका, त्यांच्यासोबत फोटो काढू नका, गर्दी जमवू नका. मादी सहसा जवळच असते आणि अंधारात पिल्ले हलवते. वनखात्याला कळवून माणसे मागे घेणे एवढेच आपले काम. माणसाच्या हातात गेलेल्या पिल्लांना आईकडे पोहोचवणे फार अवघड होऊन बसते.

पावसाळ्यात सापांविषयी तीन गोष्टी. मण्यार रात्री घरात येते, तिचा दंश जवळजवळ दुखत नाही आणि जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पापण्या उघडू शकत नाही. म्हणून खाट आणि कडेने खोचलेली मच्छरदाणी. फुरसे खडकाळ माळावर दगडाखाली असते. दगड उचलायचाच असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खालचा प्राणी पलीकडे निघतो, आणि दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवा. दंश झालाच तर करकचून बांधणे, चिरणे, चोखणे नको. अंगठी, कडे, पैंजण काढा, अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच असते. साप मारून सोबत नेण्यात गेलेली पंधरा मिनिटे महागात पडतात.

नाल्याच्या पाण्याचाही भरवसा धरू नये. डोक्यावर ऊन असते आणि वर डोंगरात ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होऊन काड्या-पाला वाहू लागला की सामान गोळा न करता काठ चढावा.

फाल्गुनात सागाची पाने गळतात आणि जंगल उघडे पडते. नवख्यासाठी याहून सोपी शाळा नाही. फुललेला एक पळस किंवा काटेसावर धरा आणि तासभर पाहा. शिंजीर फुलाच्या बुडाशी चोच खुपसतो. बुलबुल, कोतवाल, मैना मधासाठी डोके आत घालतात आणि पिवळ्या परागाने माखलेले कपाळ घेऊन पुढच्या फांदीवर जातात. पळस मैनांचा गुलाबी-काळा थवा उतरला तर झाडावर बाजार भरतो. सूर्य वर आला की उंबराच्या नाहीतर वडाच्या शेंड्यावर हरियाल ऊन खात बसलेले दिसतात. आपला राज्यपक्षी तो, पण पानांत गेला की हाताच्या अंतरावरूनही सापडत नाही. खाली पडणाऱ्या फळांचा टपटप आवाज ऐकून वर पाहायचे.

एक सवय हवी ती वहीची. तारीख, वेळ, झाड, उंची, पक्षी किंवा प्राणी काय करत होता, इतकेच. ‘घुबड दिसले’ ही नोंद कुचकामी. ‘सकाळी ७.४०, वाळलेला साग, जमिनीपासून अंदाजे सात मीटर, उघड्या फांदीवर, शेपटी आडवी झटकत, खाली सरड्यावर झेप’ ही कामाची. शेजारी पावरा, भिल्ल किंवा तडवी आदिवासी शेजाऱ्याने सांगितलेले नाव लिहा, त्याच्या उच्चारासह. त्याला सोबत नेलेत तर दिवसाची मजुरी द्या. त्याच्या ज्ञानाला ‘गप्पा’ समजून चहावर भागवण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे.

वरची नोंद कोणाची, हे जाणकाराने ओळखले असेल. आता त्याच्याकडे, म्हणजे रानपिंगळ्याकडे येऊ.

खानदेशात तीन छोटी घुबडे गल्लत करायला लावतात. गावातल्या वडा-चिंचेवर संध्याकाळी किचकिचणारा तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि पोटावर तपकिरी खुणा. जंगल पिंगळ्याच्या अंगभर, डोक्यापासून पोटापर्यंत, बारीक आडव्या रेघा असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ सपाट तपकिरी, ठिपके पुसट किंवा नाहीतच. छाती गडद, आणि त्याखाली पोटाचा मध्य स्वच्छ पांढरा. पंखांवर, शेपटीवर रुंद पट्टे. पायांवर पांढऱ्या पिसांची विजार आणि देहाच्या मानाने मोठे, दणकट पंजे. बांधाही इतर दोघांहून भरलेला, लांबी साधारण २३ सेंटिमीटर. एकट्या डोक्यावरून निर्णय देऊ नये. पिसे झडत असताना साध्या पिंगळ्याचेही ठिपके पुसट दिसतात. डोके, पोट आणि पंजे तिन्ही जुळले तरच नोंद करावी.

हा पक्षी दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो आणि माणूस आला तरी लगेच उडत नाही. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे त्याचे खाणे. सागाच्या विरळ जंगलात जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो. नेमक्या याच सवयी त्याच्या मुळावर येतात. वाळलेले, पोकळ झाड ‘बिनकामाचे’ म्हणून आधी तुटते, त्याबरोबर ढोली जाते. आणि फांदीवर शांत बसलेला पक्षी पाहून छायाचित्रकाराला वाटते, ‘याला काही त्रास होत नाही.’

त्रास होतो. ऑक्टोबर ते मे हा त्याचा विणीचा काळ आणि पर्यटनाचा हंगामही तोच. मोबाइलवरून त्याचा आवाज वाजवला की नराला हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखे वाटते. तो शिकार सोडून भांडायला येतो. मादी अंड्यांवर किंवा पिलांजवळ असते आणि तिचे अन्न नरच आणत असतो. सकाळच्या दोन तासांत चार गटांनी चार वेळा आवाज वाजवला, तर तेवढा वेळ मादी उपाशी. ती अस्वस्थ होऊन ढोलीच्या तोंडाशी आली तर अंडी थंड पडतात आणि शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याला ढोलीचा पत्ता लागतो. कॅमेऱ्यात तो गळा फुगवून ओरडतानाचा ‘झकास’ फोटो येतो, तो बहुधा याच भांडणाचा असतो. दोर बांधलेला उंदीर टाकून झेपेचे फोटो काढणेही यातलेच. पक्ष्याला शोधायला आवाज लागत नाही. सकाळच्या उन्हात वाळलेल्या फांद्या एकेक करून पाहाव्यात, आणि सातभाई किंवा कोतवाल एका जागी कल्ला करत असतील तर तिकडे थांबावे. तीस मीटरवर थांबून वीस मिनिटे पाहिले की निघावे. ढोलीकडे तर जाऊच नये.

खाणे देण्याचेही तसेच. घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स देणाऱ्यांना आपण पुण्य करतो असे वाटते. त्या माकडांना मग रस्ता सुटत नाही आणि लहान मुलाच्या हातातली पिशवी ओढताना ती चावतात. त्यापेक्षा त्यांची शेपटी पाहा. आखूड शेपटीचे, मागून लालसर ते उत्तरेकडचे लाल तोंडाचे माकड. लांब शेपटीचे, डोक्यावर केसांची टोपी असलेले ते दक्षिणेकडचे. पश्चिम भारतात या दोघांची पारंपरिक सीमा आपली तापी मानली जाते. सातपुड्याकडे कोणते दिसते आणि तापीच्या दक्षिणेला पाटणादेवीकडे कोणते, एवढे लिहून ठेवले तरी वही कामी लागेल.

आता संपादक महोदय, आपल्याकडे आणि सर्वच दैनिकांकडे विनंती. दुर्मीळ पक्षी दिसल्याची बातमी जरूर छापावी, पण ठिकाण तालुक्याच्या पुढे नेऊ नये. ‘अमुक पाड्याच्या मागे, अमुक बंधाऱ्यापासून दोनशे मीटर’ हे वाक्य बातमीत वजनदार वाटते, पण पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या करते. वाचकांचे फोटो मागवताना मोबाइल कॅमेऱ्यातील लोकेशनची नोंद बंद करून काढलेले फोटोच घ्यावेत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली ही माहिती निघून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवली की जागेचे अक्षांश-रेखांश सोबत जातात. वार्ताहर दर्जा टिकावा म्हणून नेमके तेच मागतात. तेव्हा मूळ फाइल कार्यालयातच ठेवावी, पुढे गटांवर टाकू नये. पक्ष्यामागे ओळखीचा कडा, मंदिराचे शिखर किंवा मैलाचा दगड दिसत असेल तर चौकट कापावी. नेमकी नोंद हवी ती वनखात्याला आणि अभ्यासकांना. ती त्यांच्याकडे थेट द्यावी. आणि फोटो ढोलीतल्या पिलांचा असेल, तर तो कितीही चांगला आला तरी छापू नये.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक,
शहादा, जि. नंदुरबार